पाटी

९ मे

शेतावर पाहुण्यांना राहायला-जेवायला बोलवायचं ठरलंय, त्याची पाटी रंगवणारा नसरापूरहून आला आणि जागा बघून गेला. चार बाय तीनचा पत्रा, पांढरा रंग, वर हिरवी अक्षरं. मजकूर द्या म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. अक्षरामागे पैसे घेतो. देते म्हटलं. विहिरीचा गाळ काढून झाला, खोल्यांवर कौलं चढली, संडासाच्या शोषखड्ड्याचंसुद्धा मार्गी लागलं. पाटीवर काय लिहायचं तेवढं ठरत नाहीये.

भाच्याने मजकूर केव्हाच पाठवलाय. 'निसर्गाच्या कुशीत, अन्नातून आरोग्य. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी – औषधांपासून मुक्ती!' तो हिंजवडीला मार्केटिंगमध्ये आहे. "मामी, लोक शेत बघायला येत नाहीत, बरं व्हायला येतात," म्हणाला. त्यात तथ्य आहे, म्हणूनच राग आला.

बावीस वर्षं मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ होते. रोज सकाळी वॉर्डात फिरून डाएट कार्डं भरायची, किचनमध्ये द्यायची, साडेबाराला खणांच्या थाळ्या वर जायच्या. वर गेलेल्या प्रत्येक थाळीचा हिशेब कागदावर असायचा, किती कॅलरी, किती प्रोटीन, किती मीठ. परत आलेल्या थाळीचा मात्र कुठेच नाही. नोकरी सोडायच्या आधीच्या वर्षी मी सहज खाली धुण्याच्या जागेशी उभी राहायला लागले. दुधीची भाजी जशीच्या तशी. चपात्या कडक होऊन वाकलेल्या. वाटीतलं दही तेवढं संपलेलं. आणि माझ्या कागदावर मात्र त्या पेशंटला अठराशे कॅलरी मिळाल्या होत्या.

ही शेती त्या मोरीपाशी सुरू झाली असं म्हटलं तरी चालेल.

२५ मे

आमच्याकडे येणारे विचारतात, जमीन केवढ्याला पडली? आम्हाला पडली नाही, ती होतीच. सासऱ्यांची अडीच एकर, वेल्ह्याच्या अलीकडे, मागे तोरणा. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव आहे म्हणून निभावलं. शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, हे पुण्यातल्या निम्म्या लोकांना 'फार्महाऊस प्लॉट'चं टोकन दिल्यावर कळतं. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं, त्यात पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ती केली. स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी वेगळी. कागदांबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यात मला रस नाही, त्यांनी माझी आधीच पुरेशी पानं खाल्ली आहेत.

पाण्याबद्दल मात्र लिहायला हवं. पावसाळ्यात इथे समोरचा डोंगर दिसत नाही इतका पाऊस, आणि एप्रिलमध्ये वाडीतल्या बाया हंडे घेऊन रांगेत. उतार एवढा, की पडलं ते सगळं खाली धरणात जातं. आम्ही वरच्या अंगाला समपातळी चर खणले आणि बांधावर गिरिपुष्प लावलं. गिरिपुष्पाचे दोन उपयोग आहेत, मुळं बांध धरून ठेवतात आणि पाला भातखाचरात तुडवला की खत होतं.

राबावरून मावशींशी वाजलं. मावशी शेजारच्या वाडीतल्या, सासूबाईंच्या मैत्रीण, आमच्या खऱ्या मालकीण. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पाला, काट्याकुट्या पसरून जाळायच्या, म्हणजे तण मरतं आणि राख मिळते, ही इकडची जुनी रीत. मी म्हटलं, मावशी, जाळायचं नाही, पाला मातीत कुजवू. "मग तण तू उपटनार का?" एवढंच विचारलं त्यांनी. यंदा गादीवाफ्यावरचं तण मीच उपटतेय. कंबर त्यांची बाजू घेते.

१२ जून

पाऊस आला. अंगणात गारवा, आणि सकाळी मावशी ओच्यात शेवळं घेऊन हजर. वर्षातले हे आठ-दहा दिवसच. पानांच्या आधी जमिनीतून वर येणारा तो जांभळा-तपकिरी कोंब मी पुस्तकात पाहिला होता, हाताळला नव्हता. मावशींनी शिकवलं: वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग फेकायचा, बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं आणि काकडाची आंबट फळं घालायचीच. काकडं नसतील तर चिंच. नाहीतर घसा खाजतो.

माझ्यातली आहारतज्ज्ञ लगेच जागी झाली, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक वगैरे. मावशींना त्यातलं काही ठाऊक नाही. त्यांना काकडं ठाऊक आहेत. मी कारण सांगितलं तर शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसंल. पन तेल कमी घालू नगंस."

भाजी झाली. हरभऱ्याची डाळ घालून, तांदळाच्या भाकरीशी. नवऱ्याने ताट पुसून खाल्लं. मी परत आलेली ताटं अजून बघतेच, सवय जात नाही.

शेताला घालायच्या जीवामृताचं पिंपही भरलं. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. दोन दिवस सावलीत, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. बेसनाचा भाव बघता माझा हात आखडला. "माझ्या पिठल्यात कधी एवढं पीठ घातलं नाहीस," नवरा म्हणाला.

३० जून

पहिले पाहुणे. सहा जण, कोथरूड आणि सिंहगड रस्त्याकडचे. शुक्रवारी संध्याकाळी आले. दुपारपासून माझ्या पोटात गोळा.

जेवण साधंच ठरवलं होतं. हातसडीचा इंद्रायणी भात, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, नाचणीची भाकरी, ताक. इंद्रायणी म्हटल्यावर एक बाई म्हणाल्या, "पारंपरिक वाण ना?" खोटं बोलायचं जिवावर आलं. इंद्रायणी इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणला, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून. म्हणजे वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण वास आल्यावर दुसऱ्यांदा वाढून घेतला.

शनिवारी रात्री उशिरा आठवलं म्हणून लिहितेय: त्यातले एक काका, सत्तरीचे, निवृत्त बँकवाले, दोन्ही दिवस फार खुशीत होते. सकाळी नाचणीची पेज गूळ घालून दोन वाट्या घेतली. "ताई, इथे आलं की सगळं पथ्य संपलं बघा," म्हणाले. मी हसले. हसायला नको होतं.

१ जुलै

काल काय झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी काका अंगणात आले ते खांबाला धरून. तोंड कोरडं, रात्रभर पाणी आणि लघवी. माझं ग्लुकोमीटर कपाटात होतं. उपाशीपोटी २८६. विचारलं, काका, गोळ्या घेतल्यात? म्हणाले, आणल्याच नाहीत. शुक्रवारी सकाळपासून बंद. घरी फ्रिजवर ठेवून आले मुद्दाम.

"तुमच्याच मेसेजमध्ये होतं ना, औषधांपासून मुक्ती?"

भाच्याने तो मजकूर त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. मला न विचारता, पण मीही तो 'नको' म्हणून ठणकावलं कुठे होतं? पाटीवर नको एवढंच म्हणाले होते.

काकांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी मला झापलं, ते बरोबरच होतं. मग काय काय बघायचं, किती पाणी, कुठपर्यंत वाट बघायची आणि कधी थेट पुण्याला हलवायचं ते सांगितलं आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठवला. नवरा पावसात चेलाडी फाट्याच्या दिशेने गेला आणि नसरापूरच्या मेडिकलमधून गोळ्या घेऊन आला. येताना ओढ्यावर पाणी होतं, अर्धा तास पलीकडे थांबला. तो अर्धा तास मी दर पाच मिनिटांनी काकांना काहीतरी विचारत होते, उत्तर नीट येतंय ना एवढंच बघायला. त्यांनी मला त्यांच्या बँकेच्या १९८४ सालच्या बदलीची सगळी हकिगत सांगितली. दुपारनंतर आकडा उतरायला लागला. संध्याकाळी मुलगा येऊन घेऊन गेला. माझ्याकडे बघितलं नाही त्याने.

बाकीचे पाच जण मात्र जाताना वहीत 'अप्रतिम' लिहून गेले.

३ जुलै

झोप नाही. नाचणीबद्दल मीच किती वर्षं लेक्चरं दिली. १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, हे खरं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तर बिस्किटांच्या पुड्यावरसुद्धा नाचणीचं कणीस. पण पीठ बारीक दळून, पातळ शिजवून, वर गूळ घालून पेज केली, की मधुमेही माणसाच्या रक्तात साखर चढायला वेळ लागत नाही. गूळ ही साखरच. हे मला कळतं, आणि माझ्याच ओसरीवर मी काकांना दुसरी वाटी वाढली, कारण ते आनंदाने खात होते आणि वाटी रिकामी परत येत होती. हॉस्पिटलच्या मोरीतून मी अर्धाच धडा घेऊन आले होते.

भाच्याला फोन केला. ओरडले. तो म्हणाला, मामी, उपनिषदातसुद्धा अन्नाला सर्वौषध म्हटलंय. म्हटलंय ना. आणि तिथेच पुढे हेही आहे, की अन्न खाल्लं जातं आणि अन्न खाणाऱ्यालाही खातं. तेवढं व्हॉट्सॲपवर येत नाही. शिवाय २०१८ चे अन्नसुरक्षेचे नियम सांगितले, पदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करता येत नाही म्हणून. तो गप्प झाला. पोरगा वाईट नाही. संध्याकाळी ग्रुपवर स्वतःच्या नावाने माफी टाकली त्याने.

नवरा म्हणाला, उरुळीकांचनच्या निसर्गोपचार आश्रमात कसं चालतं मग? गेल्या वर्षी आम्ही तिथे मुद्दाम जाऊन आलो होतो. मार्च १९४६ मध्ये गांधीजी तिथे आले, आठवडाभर राहून पेशंट तपासले आणि पुढचं मणिभाई देसाईंवर सोपवून गेले. मणिभाई मग तिथलेच झाले. गाय, जमीन, शाळा, सगळ्यात शिरले. १९६७ मध्ये बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था उभी केली. निसर्गोपचारातल्या सगळ्याच गोष्टी मला पटत नाहीत, मातीच्या पट्ट्यांबद्दल तर मी तिथेही तोंड वाकडं केलं होतं. पण माणसाने आयुष्य घालवलं त्या गावात. आणि आम्ही पहिल्या शुक्रवारीच मुक्ती वाटत होतो.

१९ जुलै

लावणी. काल आणि आज, दोन्ही खाचरं उरकली. भातलावणीची चारसूत्री पद्धत, म्हणजे कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंतांची, त्यातली तीन सूत्रं घेतली. भाताचं तूस-पेंढा परत मातीत, गिरिपुष्पाचा पाला, आणि दोरी धरून नेमक्या अंतरावर रोपं. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं, रोपांच्या चार चुडांच्या मध्ये रोवायच्या खताच्या गोळ्या. त्या आम्ही सोडल्या. उतारा कमी येणार, ते मान्य करून सोडल्या.

चिखलात वाकलेली असताना नवरा पलीकडून म्हणाला, "आपण भाताच्या गोळ्या बंद केल्या, काकांनी स्वतःच्या." तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मावशींना समजावून सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. "म्हातारा बरा हाय ना पन?" म्हणाल्या. बरे आहेत. परवा त्यांचाच फोन आला, कापणीला येऊ का विचारायला. मुलगा नको म्हणतोय म्हणे. मी म्हटलं, मुलाला घेऊन या, आणि डॉक्टरांना विचारून या.

दुपारी पाटीवाला आला, तिसऱ्यांदा. आता मात्र द्याच म्हणाला. मी कागदावर लिहून दिलं. वर गावाचं नाव, खाली 'शेत आणि जेवण', त्याखाली 'जेवण साडेबाराला, आधी कळवावे', आणि सगळ्यात खाली 'आपापली औषधं सोबत आणावीत'.

त्याने दोनदा वाचलं.

"मॅडम, शेवटची ओळ राहू द्या का? पैसे वाचतील. आन् लोकांना वाटंल, जेवून काय व्हतंय की काय."

म्हटलं, वाटू दे. उलट तीच ओळ जरा मोठी काढा.

संध्याकाळी पत्रा वाळायला पडवीत ठेवून गेला. बघितलं तर त्याने 'औषधं'चं 'औषधे' करून टाकलंय. शाळेत असंच शिकवलं म्हणाला, आणि मात्रेचे वेगळे पैसे लावले नाहीत.