कंदीलपुष्पाचे पाच झरोके

पुण्यात पुस्तकांची मांडणी करणे हा माझा व्यवसाय आहे. एका पावसाळ्याच्या अखेरीस सह्याद्रीतल्या रानफुलांवरच्या एका बालपुस्तिकेचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी मिळालेली २४ छायाचित्रे बहुतेक कास पठारावरची होती, पण ती निरनिराळ्या हौशी मंडळींनी निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली असल्यामुळे काही भर उन्हातली होती, तर काही धुक्यातली. चित्रकाराकडून सगळी चित्रे काढून घेण्याइतका वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून छायाचित्रांनाच रंगवलेल्या चित्रांचे रूप द्यावे असे ठरले.

पठाराचे दूरचे दृश्य मी आधी हाती घेतले. फोटोशॉपमधला ऑइल पेंट फिल्टर लावताच सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखे एकमेकांत मिसळले आणि मागचे धुके तर खरोखर कोणी हाताने रंगवल्यासारखे दिसू लागले. त्या यशाच्या भरात मी फटकारे किती सलग आणि गुळगुळीत दिसावेत हे ठरवणारी स्टायलायझेशन आणि क्लेनलिनेस ही दोन्ही मापे ७ च्या पुढे ठेवून सगळी प्रक्रिया, पुन्हा आपोआप करवून घेता यावी म्हणून, अ‍ॅक्शनमध्ये नोंदवली आणि उरलेली २३ छायाचित्रे एकदमच तिच्यातून काढली. वर हातकागदाचा स्कॅन केलेला पोत मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालचे रंग गडद करत मिसळेल अशा रीतीने, चढवला. सगळी पाने एकाच हातची वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका पाने तपासायला आल्या. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. पहिली काही पाने त्यांनी शांतपणे उलटली आणि कंदीलपुष्पाच्या पानावर त्या थांबल्या. पिशवीतून भिंग काढून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि मग विचारले, “हे फूल मिटलेलं का दाखवलंय? माशी आत जाणार कुठून?”

मूळ छायाचित्र मी शेजारी उघडले तेव्हा त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. कंदीलपुष्पाच्या पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पाच झरोके राहतात. त्यांतून आत शिरलेली इवलीशी माशी खालच्या नळीत उतरते, नळीतल्या खाली वळलेल्या केसांमुळे काही काळ तिथेच अडकते आणि केस सुकल्यावर पराग घेऊन बाहेर पडते. फुलाला कंदिलाचे रूप येते ते या झरोक्यांमुळे, आणि माझ्या फिल्टरने नेमके तेच बुजवले होते. बाईंनी आणखी एका पानावर बोट ठेवले. तिथे हातकागदाचे बारीक तंतू झाडाच्या पानांवर उमटले होते. “ही लव झाडाची की कागदाची?” असे त्यांनी विचारले. पानांवरची लव ही अनेक वनस्पतींची ओळखखूण असते, हे मला तोवर सुचलेच नव्हते.

छपाईला फायली लगेच उद्या सकाळी द्यायच्या होत्या, त्यामुळे दोष कुठे आहे हे आधी नीट समजून घेणे भाग होते. फिल्टरचा फटकारा पिक्सेलमध्ये मोजला जातो, फुलाच्या आकाराशी त्याला काही देणेघेणे नसते. पठाराच्या दृश्यात जो फटकारा शोभला, तोच कंदीलपुष्पाच्या छायाचित्रात झरोक्यापेक्षा रुंद ठरला होता. चित्रकार कुंचला टेकवण्यापूर्वी काय राखायचे आणि काय सोडायचे हे ठरवतो, आणि तो निर्णय मी त्या २३ छायाचित्रांपैकी एकाही छायाचित्रासाठी घेतला नव्हता.

मग बाईंना मी शेजारी बसवून घेतले. प्रत्येक फुलात काय हरवता कामा नये ते त्या सांगत गेल्या आणि मी त्या भागांवर मास्क, म्हणजे फिल्टरपासून त्यांना वाचवणारा थर, रंगवत गेले. मिकी माउस नावाच्या रानफुलाच्या पिवळ्या पाकळ्यांवरचे दोन लाल ठिपके आणि सीतेची आसवे या रानफुलाच्या जेमतेम सेंटीमीटरभर फुलामागची नळीसारखी शेपटी, अशा कितीतरी गोष्टी त्या दुपारी जपल्या गेल्या. कंदीलपुष्पाचे कात्रण आधी चौपट मोठे केले, त्यावर फिल्टर अगदी हलका लावला आणि नंतर मूळ मापाला आणले. रेषांसाठी मूळ छायाचित्राची प्रत करड्या छटांत नेली, तिच्यावर तिचीच उलट्या छटांची प्रत कलर डॉज या खालच्या छटा उजळवणाऱ्या मोडमध्ये ठेवून थोडी धूसर केली. त्यातून पेन्सिलीसारखी जी कड मिळाली, ती रंगांवर मल्टिप्लाय केली. कागदाचा पोत फक्त पार्श्वभूमीवर ठेवला. छपाईच्या चार शाईंत जांभळा रंग मलूल पडतो, म्हणून सीतेच्या आसवांसाठी तो वेगळा जुळवावा लागला.

रात्री साडेनऊला कंदीलपुष्पाचे नवे पान प्रिंटरमधून बाहेर आले. बाईंनी ते दिव्याखाली धरले, भिंग लावले आणि पुढे दिसणारे झरोके बोटाने मोजले. ते तीन भरले. “मागचे दोन पाकळ्यांआड आहेत, बरोबर,” असे म्हणून त्यांनी पान बाजूला ठेवले आणि पुढचे मागितले.