मुलगा अभ्यासात मागे पडतोय की शाळेत कुणाला घाबरतोय?

हाफ इयरलीचे मार्क लागले की मला फोन यायला सुरुवात होते आणि सगळे साधारण एकच सांगतात, "ताई, आठवीपर्यंत चांगला होता हो, नववीत काय झालं कुणास ठाऊक, जरा घ्या ना त्याला तुमच्याकडे." मी इंदूरला सुदामा नगरात घरीच मॅथ्स आणि सायन्सची ट्यूशन घेते, आठवी ते दहावी, मराठी घरांतली मुलं बरीच, बाकी आजूबाजूची. आईबाबांकडे कारणंही तयार असतात, मोबाइल, आळस, वयच तसलं. यातलं काही खोटं असतं असं नाही, पण शाळेत कुणी त्रास देतंय का हे विचारून मग माझ्याकडे आलेले पालक मला फारच कमी भेटलेत. आणि मला आता अगदी पक्कं वाटतं की या वयात एकदम घसरलेल्या मुलाला पहिल्यांदा हेच विचारायला हवं, ट्यूशनचं नंतर बघू. ट्यूशनवरच माझं घर चालतं तरी हे म्हणतेय.

एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात. नववीतला, बोलताना थोडा अडखळायचा, विशेषतः 'प' आणि 'क' आला की. डोकं छान, घरी दिलेली गणितं बरोबर करून आणायचा आणि टेस्टमध्ये कोरा कागद. डाउट कधीच विचारायचा नाही. एकदा त्याची कॉपी तपासायला घेतली तर मार्जिनमध्ये पेन्सिलीने अगदी बारीक अक्षरात प्रश्न लिहिलेले दिसले, "इथे मायनस का?" "हे कुठून आलं?" आणि नंतर खोडरबराने पुसलेले, पण कागदावर वळ राहतातच ना. म्हणजे प्रश्न पडत होते, विचारायचा धीर होत नव्हता. हळूहळू कळलं ते असं की सकाळी स्कूल व्हॅनमध्ये दहावीची तीन-चार मुलं त्याला चढल्याबरोबर "बोल, पोहे बोल" म्हणायची, आणि तो प-प करत अडकला की सगळी व्हॅन हसायची, मग बसायला जागा द्यायची. रोज. इंदूरच्या मुलाला पोहे म्हणायची धास्ती वाटावी! तेच मग वर्गात आलं, इंग्लिशच्या तासाला उभं राहून वाचायची पाळी आली की मागून कुणीतरी हळूच प-प-प. त्याने वाचायचं टाळायला पोटात दुखतं म्हणायला सुरुवात केली, आधी इंग्लिशच्या दिवशी, मग केव्हाही.

आता याचा गणिताशी काय संबंध असं त्याच्या बाबांनी मला विचारलं होतं, आणि प्रश्न बरोबरच आहे. नववीत मिडल टर्म स्प्लिट करायला शिकवतात ना, दोन आकडे शोधायचे ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७. मुलाला १२ आणि ७ डोक्यात धरून ठेवावे लागतात, २ आणि ६ बघायचे, जमलं नाही, सोडायचे, ३ आणि ४ बघायचे, आणि हे करताना मूळ गणित विसरायचं नाही. माणसाच्या डोक्यात असं तात्पुरतं धरून ठेवायची जागा फार छोटी असते, तिला वर्किंग मेमरी म्हणतात, आणि भीती किंवा काळजी असली की ती याच जागेत येऊन बसते. गॅसवर दूध ठेवून पुस्तक वाचायला बसावं तसं होतं, डोळे ओळीवर फिरतात आणि अर्धं लक्ष तिकडे. मागच्या बाकावर कोण बसलंय, हसले ते मलाच का, रिसेसमध्ये कुठे जाऊ, हे चालू असताना ३ आणि ४ सापडत नाहीत. घरी सापडतात, कारण घरी मागे कुणी बसलेलं नसतं. म्हणून "घरी येतं, परीक्षेत येत नाही" हे वाक्य पालक बोलले की मी कान टवकारते. दर वेळी कारण हेच असतं असं नाही, पण विचारल्याशिवाय सोडत नाही.

हे फक्त माझ्या घरातल्या चटईवरचं निरीक्षण नाहीये. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरातल्या देशांचे आकडे एकत्र करून सांगितलं की जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्याभरात एकदा तरी बरोबरच्या मुलांकडून असा त्रास झालेला होता, आणि ज्यांना वारंवार होतो ती मुलं शाळा बुडवायची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त. १५ वर्षांच्या मुलांची पिसा म्हणून जी आंतरराष्ट्रीय परीक्षा होते, तिच्यात २०१८ साली वारंवार छळ होणाऱ्या मुलांचे वाचनातले गुण, घरची परिस्थिती हिशोबात धरूनही, सरासरी २१ पॉइंट कमी आले. भारत त्या वर्षी त्यात नव्हता, पण भीतीने मुलाचं डोकं बंद पडणं काही देश बघून होत नाही. अर्थात कमी मार्कांची मुलंही जास्त चिडवली जातात, म्हणजे दोन्ही बाजूंनी चालतं हे, आणि म्हणूनच एकदा सुरू झालं की घसरण आपोआप थांबत नाही.

"मुलं आहेत, भांडणारच" हे मला शाळेतल्याच एका व्यक्तीने ऐकवलंय. भांडतातच, माझ्याकडेही भांडतात, जागेवरून, पेनवरून, विराट की रोहित यावरून, आणि दुसऱ्या दिवशी एकाच पाकिटातली सेव खातात. त्याची मला अजिबात काळजी नाही. डॅन ओल्वेउस नावाचे नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ होते, १९७० च्या दशकापासून याच विषयामागे लागलेले, त्यांनी फरक सांगितला तो फार कामाचा आहे, की मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि दोघांची ताकद सारखी नसलेलं असेल तर ते भांडण नाही, छळ. ताकद म्हणजे दंडाचीच असं नाही, संख्या, वय, पैसा, बोलता येणं, कशाचीही. व्हॅनमध्ये दहावीची चार मुलं आणि नववीतलं एक, यात भांडण कुठे आलं? आणि पकडल्यावर उत्तर ठरलेलं, "अरे मैडम, मजाक चल रिया था." मजाक असेल तर दोघांनाही हसू यायला पाहिजे, इतकं साधं आहे ते. १९८२ च्या शेवटी नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या, बरोबरच्या मुलांच्या छळामुळे असं तेव्हा समोर आलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभर मोहीम काढली. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली आणि आपण अजून मजाकवरच अडकलोय.

मुलींचं वेगळं असतं आणि ते दिसायला जास्त अवघड. मारामारी नाही, आवाज नाही, फक्त एके दिवशी कळतं की आपल्याला सोडून नवा व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय. आठवीतली एक मुलगी होती, तिचा गॅदरिंगमधला फोटो कापून कुणीतरी त्याचं स्टिकर बनवलं आणि होमवर्कच्या ग्रुपवर कुणी काही विचारलं की ते स्टिकर टाकायचे. ती ग्रुप सोडू शकत नव्हती कारण टीचर होमवर्क तिथेच पाठवायच्या, मग रात्री बारा-साडेबारापर्यंत बघत बसायची की अजून कुणी टाकलं का. झोप नाही, सकाळी पहिल्या दोन तासांना डोळे उघडत नाहीत आणि पहिलाच तास सायन्सचा. रिपोर्ट कार्डवर काय आलं, तर सायन्समध्ये लक्ष देत नाही. आईने फोन काढून घेतला, म्हणजे होमवर्कही गेलं.

आणि त्रास देणाऱ्या मुलाचंही बोललं पाहिजे, मला त्यांचीही तेवढीच काळजी वाटते. माझ्याकडे एक होता, आला की बाकीची पोरं न सांगता खिडकीजवळची जागा मोकळी करायची, तेव्हाच मला कळायला लागलं. त्याचं होमवर्क दुसरंच कुणीतरी करून द्यायचं, अक्षर दर आठवड्याला वेगळं. त्यामुळे दहावीचं वर्ष निम्मं संपलं तरी त्याला दोन चलांची समीकरणं सोडवता येत नव्हती, आणि येत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून शिकवताना तो सगळ्यात जास्त दंगा करायचा. शाळेत त्याला सारखं वर्गाबाहेर उभं करायचे, म्हणजे तो धडा पण गेला. घरी मार्क दाखवले की पट्ट्याने मार. सगळीच दांडगाई करणारी मुलं मार खाऊन आलेली असतात असं मी म्हणणार नाही, काही घरी अगदी लाडाची असतात, पण याच्या बाबतीत घरून शाळेत आणि शाळेतून घरी तेच चाललं होतं. त्याला एकट्याला अर्धा तास आधी बोलवायला लागले, समोर कुणी नसताना तो सहावीचे अपूर्णांकसुद्धा शिकायला तयार होता.

राहिला बाकीचा वर्ग, तीसेक मुलं जी काहीच करत नाहीत. फिनलंडच्या ख्रिस्तीना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं की यात फक्त दोघं नसतात, कुणी साथ देतं, कुणी नुसतं हसून चढवतं, कुणी वाचवायला जातं आणि बरेच जण बाजूला होतात. हसणाऱ्यांचं हसू बंद झालं तर करणाऱ्याची मजाच जाते, यावरच पुढे तिकडच्या शाळांसाठी किवा नावाचा कार्यक्रम उभा राहिला. कॅनडात शाळेच्या मैदानावरचं शूटिंग करून अभ्यास झाला होता, २००१ साली प्रसिद्ध झाला, त्यात बरोबरचं मूल मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! पण आपण मुलांना काय सांगतो, तू मध्ये पडू नकोस, आपल्याला काय करायचंय. आणि शिकण्याच्या दृष्टीने या गप्प मुलांचंही नुकसान होतंच, कारण चुकीचं उत्तर दिलं की काय होतं ते त्यांनी बघितलेलं असतं. मग टीचरने प्रश्न विचारला की तेच दोन हात वर येतात, बाकीचे माना खाली. चुकल्याशिवाय गणित येत नाही हो कुणालाच, आणि जिथे चुकायची सोय नाही तिथे मुलं फक्त फळ्यावरचं उतरवून घेतात.

घरी आपण काय उत्तर देतो तेही जरा बघा. "तूही दे एक ठेवून" म्हणणारे बाबा, "दुर्लक्ष कर" म्हणणारी आई, आणि "आमच्या वेळी तर मास्तर छडीने मारायचे" म्हणणारे आजोबा. ताकद सारखी नाही म्हणूनच तर त्रास होतोय, मग तो देईल कसा ठेवून? आणि रोज एकाच व्हॅनमधून जायचं तर दुर्लक्ष कुठवर करणार. शाळेत तक्रार केली की कधीकधी टीचर भर वर्गात दोघांना उभं करून "हात मिलाओ" करतात, तेही नको, हात मिळवून झाल्यावर रिसेसमध्ये दुप्पट वसुली होते. आणि काही ठिकाणी तर टीचरच टोपणनावाने हाक मारतात, सगळा वर्ग हसतो, मग मुलांना परवानाच मिळतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, हे पालकांना माहीत असलेलं बरं.

व्हॅनवाल्या मुलाचं पुढे काय झालं तर त्याची आई प्रिन्सिपलना एकटी जाऊन भेटली, मुलाला न नेता. तारखा, वेळ, कुठे, कोण, एवढंच एका कागदावर लिहून नेलं होतं, रडारड नाही, आरोप नाही. व्हॅनवाल्या भैयांनी त्याला पुढे आपल्या शेजारी बसवायला सुरुवात केली. इंग्लिशच्या टीचरनी उभं राहून वाचायच्याऐवजी सगळ्या वर्गालाच जोडीजोडीने वाचायला लावलं, त्यामुळे त्याला वेगळं काढल्यासारखं झालं नाही. दहावीच्या मुलांच्या आईबाबांना वेगवेगळं बोलावलं, त्यातले एक जण आमच्या सानंदच्या, म्हणजे इथल्या मराठी संस्थेच्या, नाटकांना नेहमी दिसणारे, फार शरमले. फायनलला त्याचे मार्क काही गगनाला भिडले नाहीत, थोडे वाढले. पण माझ्याकडे एके दिवशी रॅशनलाइज करताना, म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवताना, त्याने मध्येच थांबवून विचारलं की वर आणि खाली दोन्हीला का गुणायचं, नुसतं खाली गुणलं तर काय होतं, आणि विचारताना अडखळला, आणि पूर्ण केलं. मी ते गणित तिथेच सोडून अर्धा तास फक्त त्या 'का'वर घालवला.

आता एप्रिलपासून नवीन सेशन आहे, पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंगमध्ये, मार्कांव्यतिरिक्त हे विचारा, की रिसेसमध्ये आणि व्हॅनच्या वेळेला कुठली टीचर ड्यूटीवर असते, तक्रार कुणाकडे लेखी द्यायची आणि किती दिवसांत उत्तर मिळतं, वर्गाच्या ग्रुपवर मोठं कुणी आहे का. सीबीएसई शाळा असेल तर बुलिंगविरोधी कमिटीबद्दल बोर्डाने २०१५ मध्येच सूचना काढल्यात, तेव्हा ती कमिटी कुठे आहे, त्यात पालकांचा प्रतिनिधी कोण, हे सरळ विचारा. एमपी बोर्डाची शाळा असली तरी विचारायला कुणाची मनाई आहे? घरी मुलाला "कुणी त्रास देतं का" असं थेट विचारलं तर "नाही" येतं, त्यापेक्षा व्हॅनमध्ये कुणाशेजारी बसतोस, टिफिन कुणाबरोबर खातोस, शाळेतली कुठली जागा आवडत नाही, असं विचारा आणि मध्येच सल्ला देऊ नका. मूल फारच गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, जगण्याबद्दल काही वाकडं बोलायला लागलं तर थांबू नका, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे आणि टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दोन्ही फुकट आणि चोवीस तास चालतात. नंबर फ्रिजवर चिकटवा, मुलांना सहज दिसतील असे. आणि नववीच्या ट्यूशनसाठी मला फोन कराल तेव्हा मार्कशीटच्या आधी त्याच्या व्हॅनचं सांगा.