बाक

बुधवार, रात्र. लिट्ल रॉक, आर्कान्सा, अमेरिका.

आज सेंट्रल हायस्कूल पाहिलं. बरंचसं बाहेरूनच, कारण १९२७ची ही इमारत राष्ट्रीय स्मारक असली तरी तिथे शाळा अजून भरते. सुटल्यावर पोरं दप्तरं सावरत पायऱ्या उतरली, काळी-गोरी सगळी. आम्हा पाहुण्या शिक्षकांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बरं वाटलं.

ही शाळा तेव्हा फक्त गोऱ्यांची. ४ सप्टेंबर १९५७ला पंधरा वर्षांची काळी मुलगी एलिझाबेथ एकफर्ड इथे एकटीच आली. प्रवेश मिळालेल्या नऊ काळ्या पोरांनी मिळून जायचं ठरलं होतं, पण तिच्या घरी फोन नव्हता. निरोप पोचलाच नाही. अंगात घरी शिवलेला नवा फ्रॉक. गव्हर्नर फॉबसचे नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे सैनिक, गोऱ्या पोरांना आत सोडत होते, तिला अडवत होते. मागे जमाव शिव्या घालतोय. टॅक्सी बोलवावी म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानाकडे गेली, तर दार बंद करून घेतलं. शेवटी बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसली.

तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरने हजारावर सैनिक धाडले तेव्हा कुठे नऊ जणांना पूर्ण दिवस वर्गात बसता आलं. पुढच्या वर्षी शहरातली हायस्कुलंच बंद ठेवली. शाळा बुडाली तरी चालेल, शेजारी नको!

तसाच बाक २०१८पासून तिथे आहे, शाळेतल्या पोरांनी हातभार लावून केलेला. मी टेकले, आणि उगाच त्या जमावात मास्तर शोधू लागले. एक सापडली: एलिझाबेथला बसमध्ये बसवून सोबत गेलेली गोरी बाई, ग्रेस लॉर्च. पूर्वी बॉस्टनमध्ये शिक्षिका होती. लग्न केलं म्हणून नोकरी गेलेली.

आम्ही साताऱ्याकडचे. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली त्या दिवशी भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्यांचं गोणपाट, शिपाई नसला की पाणी नाही, हे सगळं मी दरवर्षी आवाज चढवून सांगते. आणि गेल्या वर्षी खिचडीच्या पंगतीत तिसरीतली एक पोरगी रोज शेवटाला बसायची, मध्ये हातभर जागा. मला दिसत होतं. ‘बसतील हळूहळू’ म्हणत मी हजेरी भरत राहिले.

तिकडे आता सकाळ. माझ्या जागी आलेल्या बाईंना फोन लावला. कसं विचारावं सुचेना. पावसाचं विचारलं.