पिकअपचा आवाज: टेक्सासमधला सायलेन्सर-बदल

टेक्सासमध्ये पिकअप ऑफिसलाही जातो आणि रविवारी किराणा आणायलाही, आणि तो घेतल्यावर हौशी मंडळींचा पहिला खर्च बहुधा सायलेन्सरवर होतो. आमच्या फोर्ड एफ-१५० मध्ये पाच लिटरचे व्ही-८ (इंग्रजी V च्या आकारात चार-चारच्या दोन रांगांत सिलिंडर असलेले) इंजिन आहे, पण कारखान्यातून आलेला सायलेन्सर इतका सभ्य होता की आत आठ सिलिंडर आहेत याचा कुणाला पत्ताही लागू नये.

व्ही-८ ची गुरगुर मुळात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या, रचनेतून येते. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत ठिणगी नेहमी आळीपाळीने पडत नाही. कधी एकाच बाजूला लागोपाठ दोनदा पडते, आणि त्या असमान ठोक्यांतून तो ओळखीचा नाद तयार होतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा पाइप आणि सायलेन्सर बदलला, ज्याला इथे कॅट-बॅक म्हणतात, की तो नाद मोकळा होतो. फ्लोमास्टर कंपनीच्या प्रसिद्ध सायलेन्सरांत आत कप्पे असतात आणि आवाज खरखरीत, जुन्या वळणाचा येतो. मॅग्नाफ्लोच्या बहुतेक सायलेन्सरांत मात्र छिद्रांची सरळ नळी आणि तिच्याभोवती ध्वनी शोषणारे भरण असते, त्यामुळे आवाज खोल आणि गोल येतो.

ताकदीबद्दल मात्र फार आशा बाळगू नये. सुमारे ४०० हॉर्सपॉवरच्या इंजिनात कॅट-बॅकने पडणारी पाच-दहाची भर रस्त्यावर जाणवत नाही. पाइप जितका रुंद तितके बरे, हाही गैरसमजच आहे, कारण फाजील रुंद पाइपात इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर वायूचा वेग मंदावतो.

खरी परीक्षा हायवेवर होते. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल तर व्ही-८ मध्ये सेकंदाला १२० स्फोट होतात, आणि नेमक्या त्या कंपनसंख्येला केबिन साथ देऊ लागली की डॅलसहून ह्यूस्टनला पोहोचेपर्यंत डोके भणभणते. यावर उपाय म्हणून पाइपाला एक बंद टोकाची आडनळी जोडतात. तिच्या टोकावरून परतणारी ध्वनिलहर मूळ लहरीच्या उलट पडून तिला मारते. नळीची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी लागते, म्हणजे गरम वायूत १२० हर्ट्झसाठी जवळपास एक मीटर. माझ्या मते मागे दिसणाऱ्या पाइपाच्या चकचकीत टोकांपेक्षा या न दिसणाऱ्या नळीवर पैसे घालवणे अधिक शहाणपणाचे आहे.

पुण्यात पोलीस बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडत असताना इथे हे चालते कसे, असे घरचे विचारतात. टेक्सासच्या कायद्यानुसारही सायलेन्सर सुस्थितीत असावाच लागतो आणि त्याला वळसा घालणारी जोडणी चालत नाही. कन्व्हर्टर काढून टाकणे तर १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने देशभर निषिद्ध आहे. २०२५ पासून खासगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी राज्याने बंद केली असली, तरी डॅलस आणि ह्यूस्टन परिसरासह १७ काउंटींत धुराची चाचणी कायम आहे, त्यामुळे पाना चालवायचा तो कन्व्हर्टरच्या मागेच.