तुम्ही विचारलंत म्हणून : लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पोहायला कधी जावे?

उन्हाळा सुरू होऊन नागपूरचा पारा 45 अंशांकडे सरकू लागला की जलतरण तलावावर गर्दी वाढते, आणि माझ्या गुडघ्यावरचे व्रण पाहून कोणीतरी विचारतेच, “ताई, लिगामेंटचे ऑपरेशन झाल्यावर पोहायला कधीपासून यायचे?” बहुतेकांना महिन्यांचा एक आकडा हवा असतो. मी तो देत नाही, कारण हाताने पाणी ओढणे, पाय मारणे, भिंतीला रेटा देऊन वळणे आणि शिडी चढून बाहेर येणे या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि गुडघा या चारही गोष्टींसाठी एकाच वेळी तयार होत नाही.

बॅडमिंटन खेळताना माझ्या उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतल्या दोन आडव्यातिडव्या लिगामेंटपैकी (हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांपैकी) पुढचा, फाटला आणि मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून त्या जागी बसवावी लागली. ही कंडरा बसवल्या दिवशी भक्कम असते, पण पुढे तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून तिची घडण बदलत जाते आणि साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या सुमारास ती सर्वांत नाजूक असते. नेमकी याच सुमारास सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, कुबड्या सुटलेल्या असतात आणि घरचे म्हणू लागतात की आता तू बरी झालीस. या दिवसांत स्वतःला वाटणाऱ्या बरेपणापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असे मी आग्रहाने सांगते.

पाण्यात जाण्याआधीचे काम जमिनीवरचेच असते. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा पूर्ण सरळ होऊ देणे आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून धरणे, हा व्यायाम कंटाळवाणा असला तरी त्याला पर्याय नाही. गुडघा थोडा वाकलेलाच राहिला तर चालही बिघडते आणि पोहताना पायही सरळ होत नाही. जखम पूर्ण भरून सर्जनने परवानगी दिल्यावर मी छातीएवढ्या पाण्यात नुसती चालत असे. तेवढ्या पाण्यात शरीराचा जेमतेम एक तृतीयांश भार पायांवर येतो. त्यानंतर मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून केवळ हातांनी फ्रीस्टाइल, आणि बऱ्याच काळाने कमरेपासून हलके पाय मारणे सुरू झाले.

ब्रेस्टस्ट्रोक मात्र सर्वांत शेवटी. आपल्याकडे विहिरीत किंवा तलावात शिकलेली मंडळी मान वर ठेवून हाच प्रकार संथपणे पोहतात, त्यामुळे तो दुखऱ्या गुडघ्यालाही सोसेल असे त्यांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात त्यात गुडघा वाकवून नडगी बाहेर वळवावी लागते आणि मग दोन्ही पाय झटक्यात जवळ आणावे लागतात. या पिळामुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर एवढा ताण येतो की धडधाकट ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांचेही गुडघे तिथेच दुखतात. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाल्याचे तपासून फिजिओथेरपिस्टने होकार दिला, तेव्हाच मी तो पुन्हा सुरू केला.

शिडीविषयी कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगते. पोहून थकल्यावर अंगाचा सगळा भार पाण्याबाहेर येताच एकाएकी गुडघ्यावर पडतो, म्हणून चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा, दोन्ही हातांनी कठडा धरावा आणि काठावरच्या ओल्या फरशीवर रबरी चपला घातल्याशिवाय चालू नये. काठावरून सूर मारण्याची परवानगी मला वेगळी मागावी लागली आणि ती ब्रेस्टस्ट्रोकच्याही नंतर मिळाली.