तुम्ही विचारलंत म्हणून: रापणीचा दोर

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटानं मालवणला जाऊन आलेली कोल्हापूरची मंडळी हमखास विचारतात: देवबागच्या किनाऱ्यावर माणसं रांगेनं दोर ओढत होती, आपण हात लावला तर चालतंय काय? आणि मासे शेवटी कुणाचे?

हात लावायला चालतं. पण ती रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, कशी चालते, ते आधी समजून घ्या. जाळ्याचं एक टोक किनाऱ्यावर धरून ठेवतात. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. वरच्या दोराला बोये, खालच्याला वजनं. मधल्या भागाची वीण बारीक, कारण मासे शेवटी तिथंच गोळा होतात.

मग दोन्ही टोकांना दोन तुकड्या ओढायला लागतात. ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात, तसं जाळ्याचं तोंड मिटत जातं. नवखा माणूस इथं हिसके देतो. एक बाजू पुढं गेली की जाळं तिरकं होतं. त्याहून वाईट म्हणजे खालचा दोर वाळूवरून उचलला जाणं. तेवढ्या फटीतून बांगडा निसटतो. म्हणून जाळं उथळ पाण्यात आलं की जाणती माणसं खालचा दोर पायानं दाबून धरतात. तळाला खडक असला तर जाळं फाटतं, त्यामुळं रापण वाळूच्याच किनाऱ्यावर लागते.

आता मासे कुणाचे? आपल्याकडच्या पैऱ्यात, म्हणजे शेतकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबतात त्यात, कामाची फेड कामानं होते. इथं त्याच दिवशी वाटे पडतात. जाळं-होडीचा भाग काढून उरलेलं रापणकर वाटून घेतात. बाहेरून येऊन दोर धरणाऱ्याला कालवणापुरते मासे मिळतात. जाळं रिकामं आलं तर कुणालाच काही नाही.

हल्ली ते वरचेवर रिकामं येतं, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. बांगडा, तारली थव्यानं किनाऱ्याजवळ आली तरच रापण भरते, आणि पर्ससीनच्या, म्हणजे थव्याभोवती जाळं टाकून ते खालून आवळणाऱ्या, नौका तो थवा अलीकडे येण्याआधीच घेरतात. राज्यात 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंधही आले. नियम आहेत, समुद्रात ते पाळले जातात का, हे पाहणारी गस्त वाढायला हवी.

जायचं तर नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत झाल्यावर जा. दोर धरण्याआधी तिथल्या जाणत्याला विचारा, आणि पुढच्या माणसाच्या तालावर ओढा.