जमिनीपासून चार बोटं वर

परवा सकाळी एका कुजलेल्या ओंडक्याच्या बुडाशी अळंबी दिसली. करंगळीच्या एका पेराएवढीसुद्धा नव्हती. उभ्यानं पाहिलं तर मळकट पांढरा ठिपका. तिचं खरं रूप छत्रीच्या खाली होतं: दांड्यापासून काठापर्यंत पसरलेल्या, कागदाहून पातळ अशा पट्ट्या, आणि मागून ऊन आलं की त्यांतून झिरपणारा पिवळसर उजेड. तो टिपायचा तर लेन्स जमिनीपासून चार बोटांवर हवी, आणि तोंड किंचित वर.

माझ्या आधीच्या कॅमेऱ्याची स्क्रीन पाठीला घट्ट बसवलेली होती. असा फोटो घ्यायचा म्हणजे पोटावर आडवं व्हायचं, गाल ओल्या पाचोळ्याला टेकवायचा आणि मान वाकडी करून डोळा व्ह्यूफाइंडरला, म्हणजे कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीला, लावायचा. दोन मिनिटांत मानेत कळ यायची. पण मला जास्त लागायचं ते नंतर. उठून बघावं तर कोपराखाली शेवाळ चेपलेलं, आणि कधी कधी आणखी दोन-तीन अळंब्या चिरडलेल्या. ज्यांच्यासाठी गेले, त्यांच्यावरच मी लोळत होते.

आताच्या कॅमेऱ्याची स्क्रीन बिजागरीवर हलते. मी गुडघे टेकून बसते, कॅमेरा धान्याच्या छोट्या पिशवीवर ठेवते, स्क्रीन वर उचलते आणि सरळ खाली बघते. पुस्तक मांडीवर घेऊन वाचावं तसं.

‘खरा फोटोग्राफर डोळा लावूनच फोटो काढतो’ हे मी अनेकदा ऐकलंय. मला ते पटत नाही. रोलायफ्लेक्स हा दोन लेन्सचा कॅमेरा 1929 साली आला, तेव्हापासून तो वापरणारे कॅमेरा पोटापाशी धरून वरच्या काचेत खालीच बघत होते. त्या काचेतली प्रतिमा डावी-उजवी उलटी असायची, तरी त्यांनी हात बसवला. आपल्या स्क्रीनवर ती सुलटी दिसते, एवढाच काय तो फरक. छातीच्या उंचीवरून माणसांचे फोटो काढतानाही मला हे जाणवतं. चेहरा कॅमेऱ्यामागे लपलेला नसला की समोरचं मूल माझ्याशी बोलत राहतं.

अर्थात नुसती बिजागरी लावून भागलं नसतं. ऑलिंपस ई-330 या कॅमेऱ्यात 2006 सालीच वर-खाली होणारी स्क्रीन होती, कॅननच्या 60डी मध्ये 2010 साली बाजूला उघडून फिरणारी आली. पण त्या काळच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) स्क्रीनवर बघून फोकस करायचा म्हणजे लेन्स पुढे-मागे चाचपडत बसायची, आणि तोवर मुंगी निघून जायची. प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरवरच वेगानं फोकस ठरवण्याची सोय आली (कॅननच्या 70डी मध्ये ती 2013 साली होती), तेव्हा कुठे हलणारी स्क्रीन रोजच्या कामाची झाली.

आता प्रकारांबद्दल, कारण इथे माझं मत ठाम आहे. बाजूला उघडणारी स्क्रीन स्वतःचा व्हिडिओ करणाऱ्याला हवीच, आणि कॅमेरा उभा धरला तरी ती उपयोगी पडते. पण जमिनीलगत काम करताना ती मला नडते. लेन्स एकीकडे आणि माझी नजर वीतभर डावीकडे. अळंबीच्या रोखानं कॅमेरा सरकवायला जावं तर हात थोडा चुकतोच. शिवाय डाव्या बाजूला केबल लावली की स्क्रीन तिला अडते. वर-खाली कलणारी स्क्रीन लेन्सच्या मागेच राहते, त्यामुळे हाताला दिशा आपोआप कळते. मात्र उभ्या फोटोत ती काहीच मदत करत नाही. फुजीफिल्म एक्स-टी2 मध्ये 2016 साली ती उभ्या फोटोसाठीही कलू लागली. सोनीनं 2022 च्या ए7आर V मध्ये कलणं आणि बाजूला उघडणं दोन्ही एकत्र आणलं. हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. असा कॅमेरा माझ्याकडे नाही, पुढचा घेताना मी आधी तो उलटा करून मागची बिजागरी बघणार आहे.

उडत्या पक्ष्यासाठी मी आजही व्ह्यूफाइंडरच वापरते. लांब पल्ल्याची लेन्स चेहऱ्याला टेकली की स्थिर राहते, आणि भर उन्हात स्क्रीनवर धड काही दिसत नाही.

एक बारीक गोष्ट: अनेक कॅमेऱ्यांत व्ह्यूफाइंडरपाशी डोळा ओळखणारा सेन्सर असतो. स्क्रीनवर वाकलं की हनुवटी किंवा गळ्यातला पट्टा त्याच्यासमोर येतो आणि स्क्रीन एकदम काळी होते. स्क्रीन बाहेर ओढल्यावर हा सेन्सर आपोआप बंद होतो का, ते घेण्याआधी हातात धरून पाहा.

परवा ऊन ओंडक्यामागून यायला अर्धा तास लागला. मी बसून होते. मग त्या पट्ट्या आतून उजळल्या आणि छत्रीच्या काठावरून टाचणीच्या डोक्याएवढा एक कोळी चालत आला. सतरा फोटो काढले, त्यातला एक मनासारखा आला. निघताना वाकून पाहिलं, अळंबीच्या भोवतीचं शेवाळ जसंच्या तसं उभं होतं.